पावसाळ्यातही पैसे देणारी लाँच

लाज वाटते, तरी लिहितोय. माझे ३,१४,००० रुपये बुडाले. मी काय खुळा नव्हे, बावीस वर्षं कारखान्यात हिशेब लिहिलेत.

मालवणच्या धक्क्यावरून कुरटे बेटावर, म्हणजे सिंधुदुर्ग किल्ल्यावर, लाँच सोडणारी कंपनी. बेळगावात झकास गाळा, ठेवीवर महिन्याला ३ टक्के. आंबोलीमार्गे बसनं नेऊन लाँच दाखवली. कंपनीच्या नावाची पाटी लाँचला सुतळीनं बांधलेली होती. रंगवलेली नव्हे, बांधलेली! मी ती बघितली आणि सुरमई खायला बसलो. एजंट आमच्याच मंडळातला. "मराठी माणसाचा धंदा आपण नाही तर कोण उभा करणार?" हे वाक्य सीमाभागातल्या माणसाला कुठं लागतं ते त्याला बरोबर ठाऊक.

फेब्रुवारीत ५०,००० दिले. तीन महिने १,५०० प्रमाणे आले. मेमध्ये बायकोच्या पाटल्या गहाण टाकून आणि सोसायटीचं कर्ज काढून आणखी ३,००,००० घातले. जून, जुलै, ऑगस्ट, दरमहा १०,५०० जमा. आता इथं थांबा. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंद असते. दरवर्षी. होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या, मग मला १०,५०० कुठून येत होते? दुसऱ्या कुणाच्या तरी पाटल्यांतून. आणि मी भर पावसात पासबुक भरून आणून साडूला फोन करत होतो, "तूही घाल की." सप्टेंबरात होड्या सुरू झाल्या, आमचे पैसे बंद झाले. दिवाळीआधी गाळ्याला कुलूप. गाळामालकाचंही भाडं थकलेलं.

इथले पोलीस म्हणाले, बोट महाराष्ट्रात, तिकडं जा. तिकडचे म्हणाले, पैसे कर्नाटकात दिले, तिकडं जा. परत आलो तर अर्ज कन्नडमधून हवा. लिहून घ्यायला ६०० रुपये गेले. तो अर्ज तीन आठवडे टेबलावर, वर चहाच्या कपाचा डाग. इतक्या वर्षांचा सीमावाद, पण आम्हाला हाकलायला दोन्ही राज्यांचं एकमत! हद्द कुणाचीही असो, झिरो एफआयआर नोंदवावाच लागतो, हे मला वकिलाकडून कळलं. ठेवीदारांसाठी कर्नाटकाचा २००४ चा कायदा आहे, केंद्राचा २०१९ चा आहे, तोही तिथं कुणी सांगितला नाही. स्टॅम्प पेपरवरच्या करारावर विसंबू नका, माझा १०० रुपयांचा होता. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासात १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. आणि बोटीचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळाकडं विचारा, जेवायला बसायच्या आधी.

साडू बोलत नाही. परवा एजंट बाजारात दिसला, मला बघून बोळात वळला. त्याचेही ८०,००० अडकलेत म्हणे. मला पटत नाही.