पैशाचे कार्ड आणि दारात आलेली पोथी

सदाशिव पेठेतील आमच्या घरात लाल रुमालात बांधलेली गुरुचरित्राची एक शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, पोथी आहे. माझ्या खापरपणजोबांनी ती शके १८०८ मध्ये, म्हणजे १८८६ साली, मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याकडून व्हॅल्यूपेएबल टपालाने (व्ही. पी.ने, म्हणजे वस्तू दारात आल्यावर टपालवाल्याला पैसे देण्याच्या सोयीने) मागवली होती. त्या व्यवहाराची हिशेबवहीतील नोंद आणि विक्रेत्याचे एक कार्ड पोथीसोबत जपलेले असल्यामुळे त्या सेवेविषयी मला काही खात्रीने लिहिता येते.

आधी सेवेबद्दल. टपालखात्याने व्ही. पी. सुरू केली १८७७ मध्ये, एका पैशाचे पोस्टकार्ड आले १८७९ मध्ये आणि मनिऑर्डरचे काम १८८० मध्ये टपालखात्याकडे आले. या तीन सोयींमुळे पुण्यातल्या साध्या गृहस्थाला न पाहिलेल्या दुकानदाराशी व्यवहार करणे शक्य झाले, कारण आगाऊ पैसे पाठवून वाट पाहत बसण्याची चिंता उरली नाही. एका पैशाच्या कार्डावर मागणी लिहायची, पोथी दारात आली की टपालवाल्याच्या हातात रक्कम ठेवायची आणि ती विक्रेत्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी टपालखात्याची. आमच्या वहीत कार्तिक वद्य द्वितीयेला ‘कार्ड, पैसा १’ आणि एकादशीला ‘पोथी रुपये २, टपालहशील व व्ही. पी. मिळून आणे ६’ अशी नोंद आहे. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्येच सुरू झाली होती हे खरे, तरीही मागणी जाऊन पोथी बांधून नवव्या दिवशी घरी येणे मला आजही उत्तम वाटते. मार्गशीर्षातील दत्तजयंतीच्या सप्ताहाआधी ती हाती आली, आणि खापरपणजोबांना तेच हवे होते.

छपाईबद्दलही समाधान आहे. सुट्या, आडव्या पानांची पोथी त्यांनी मुद्दाम मागवली होती, कारण पारायणाला बसल्यावर वाचलेले पान उलटून बाजूला ठेवायचे असते आणि बांधीव पुस्तकात ते साधत नाही. अक्षर ठसठशीत, लेखनिकाच्या हातचे वाटावे असे असून समईच्या उजेडातही वाचता येते. छापील पोथी सोवळ्यात चालेल का, शाईत चरबी तर नसेल ना, ही शंका त्या काळी खरोखरच घेतली जात असे; मुंबईचे मुद्रक गणपत कृष्णाजी यांनी त्यासाठी तूप घालून शाई केल्याची हकिगत प्रसिद्धच आहे. आमच्या पोथीची शाई कोणती हे पोथीवर छापलेले नाही, पण ती देवघरात ठेवली गेली आणि तिच्यावर पारायणे झाली.

माझी तक्रार एकच आहे आणि ती गंभीर आहे. व्ही. पी.चे पुडके पैसे दिल्याशिवाय उघडता येत नसे. खापरपणजोबांनी रक्कम दिली, पुडके सोडले, पाने मोजली, तेव्हा ६१वे पान नव्हते आणि ६२वे दोनदा होते. गहाळ पान चौदाव्या अध्यायातले, सायंदेव या भक्ताला श्रीगुरू अभय देतात त्याच ठिकाणचे. संकटात पुष्कळ घरांत हा एक अध्याय वेगळा वाचला जातो, त्यामुळे दुसरे एखादे पान गेले असते तर इतके लागले नसते. त्यांनी लगेच लिहिले, त्यावर विक्रेत्याचे कार्ड आले: ‘पुढील आवृत्ती निघेल तेव्हा पान पाठवू.’ पान कधीच आले नाही. दोष टपालाचा नव्हता, पाने लावणाऱ्याचा होता. परंतु पैसे विक्रेत्याकडे पोहोचल्यावर गिऱ्हाइकाच्या हाती विनवणीखेरीज काही उरत नसे, ही या सोयीतली उणीव मला मोठी वाटते. माल पाहून मग पैसे, असे असते तर पाने मोजण्याचे काम दुकानातच झाले असते.

सप्ताह तोंडावर आला होता. शेजारच्या वाड्यातील पोथी एका रात्रीपुरती मागून आणून त्यांनी ६१वे पान बोरूने लिहून काढले, समासाच्या तांबड्या रेघाही आखल्या आणि छापील पानाइतक्याच ओळी बसवल्या. कागद किंचित जाड आहे, त्यामुळे वाचताना बोटाला ते पान आधी कळते आणि मग डोळ्यांना. जास्तीचे ६२वे पानही त्यांनी टाकले नाही. ते पोथीच्या तळाशी तसेच आहे.