परदेशातले अकरा महिने आणि 'वीस ग्रॅमला किती?' हा रकाना

परदेशी आल्यावर पहिले पाच आठवडे माझं प्रोटीन म्हणजे बॅगेत टाकलेला बार. वेष्टनावर ठळक अक्षरात '२० ग्रॅम' लिहिलेलं, मग काय, दिवसाला दोन. महिनाअखेरीस बिलं टेबलावर मांडली तेव्हा कळलं की भाड्याच्या खालोखाल पैसा या चॉकलेटच्या चवीच्या विटांवर गेलाय. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. त्याच रात्री वहीत एक रकाना आखला: 'वीस ग्रॅमला किती?' अकरा महिने झाले, रकाना अजून चालू आहे.

आधी माझी गरज सांगते, म्हणजे आकडे कुठून आले ते कळेल. वजन ६२ किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, म्हणजे मला साधारण ५२. पण मी आठवड्यातून चार दिवस वजनं उचलते, आणि व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडा-पोषणवाले १.४ ते २ ग्रॅम सांगतात. मी खालचं टोक धरलं: दिवसाला ८५ च्या आसपास. दोन ग्रॅमच्या हट्टापायी खिसा रिकामा करणारे जिममध्ये रोज दिसतात, त्यांना माझा नमस्कार.

हिशेब सोपा आहे. पाकिटात एकूण किती ग्रॅम प्रथिनं आहेत ते काढायचं, किमतीला त्याने भागायचं, वीसने गुणायचं. फसगत होते ती लेबल वाचताना. कुठे आकडा १०० ग्रॅममागे असतो, कुठे 'एका सर्व्हिंग'मागे, आणि ते सर्व्हिंग कंपनीनेच ठरवलेलं. शिवाय कोरडं की शिजलेलं, हेही पाहावं लागतं. डब्यातल्या छोल्यांवर ७ ग्रॅम आणि कोरड्या छोल्यांवर १९ ग्रॅम बघून मी डबाबंद छोले निकृष्ट समजत होते. फरक नुसत्या पाण्याचा होता. ४०० ग्रॅमच्या डब्यात निथळून साधारण २४० ग्रॅम छोले उरतात, आणि घरी कोरडे १०० ग्रॅम शिजवले तरी जवळपास तेवढेच होतात.

रकान्यात सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात स्वस्त, पहिल्या दिवसापासून मसूर. १०० ग्रॅममध्ये २४-२५ ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅमसाठी कोरडी ८० ग्रॅम डाळ. भिजत घालायची गरज नाही, कुकर नको, साध्या पातेल्यात वीस मिनिटांत शिजते. सामायिक स्वयंपाकघरात एका शेगडीसाठी तीन माणसं उभी असतात तेव्हा या वीस मिनिटांची किंमत कळते. 'डाळीचं प्रोटीन अपुरं' ही टीका मी बरीच ऐकली. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात; त्यातलं मेथिओनिन कडधान्यात कमी असतं आणि लायसिन धान्यात कमी, दोन्ही एकमेकांची कमतरता भरून काढतात. एकाच ताटात हवं असंही नाही, दिवसभरात दोन्ही पोटात गेलं की झालं.

छोल्यांनी मात्र रडवलं. रात्रभर भिजवून दोन तास उकळले तरी दाताखाली कचकच. छोल्यांचं पाकीटच जुनं असणार म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या, पण दोष पाण्याचा निघाला. किटलीच्या तळाशी पांढरा थर जमत होता, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीला घट्ट करतं. आता भिजवताना मीठ आणि शिजवताना चिमूटभर खायचा सोडा घालते. चिमूटभरच, जास्त झाला की साबणासारखी चव येते. हेही करून झालंय.

आता राजम्याचा प्रसंग, जो मी सगळ्यांना सांगते. चौथ्या महिन्यात एका घरसोबत्याने त्याचा स्लो कुकर वापरायला दिला. सकाळी भिजवलेला राजमा मंद आचेवर लावला, संध्याकाळी परत आले, घास घेतला, जरा कडक वाटला तरी भुकेपोटी वाडगाभर खाल्ला. तीन तासांनी मी बाथरूमच्या फरशीवर. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) असतं आणि ते नष्ट व्हायला खळखळ उकळी लागते. मंद कुकर तितका तापतच नाही. ८० अंशांच्या आसपास शिजवला तर विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. सल्ला असा: किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा, मग पुढचं काय ते करा. नाहीतर सरळ डबाबंद घ्या, तो आधीच शिजलेला असतो. मी आता राजमा डब्यातलाच घेते. महाग पडतो, पडू दे.

सोयाबीनच्या वड्या मी तिसऱ्या महिन्यापर्यंत टाळल्या, कारण पहिल्यांदा केल्या तेव्हा अख्ख्या घरात ओल्या पुठ्ठ्याचा वास सुटला होता. चूक माझी होती: भिजवून तशाच कढईत टाकल्या. गरम मीठपाण्यात दहा मिनिटं ठेवायच्या, मुठीत घट्ट पिळून पिवळसर पाणी काढायचं, परत ताजं पाणी घालायचं, परत पिळायच्या. दुसऱ्या पिळण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छ येतं आणि वास निघून जातो. मग कोरड्या तव्यावर कडा तांबूस होईपर्यंत परतायच्या. हे जमलं आणि वड्या मसुराच्या शेजारी जाऊन बसल्या. तेल काढलेल्या सोयापिठाच्या असल्याने १०० ग्रॅममध्ये ५० च्या वर प्रथिनं, म्हणजे वीस ग्रॅमसाठी ४० ग्रॅम पुरतात. वजनाला हलक्या, वर्षभर टिकतात, आणि सामायिक फ्रीजमधल्या माझ्या एका खणावर अतिक्रमण करत नाहीत.

अंड्यांबद्दल सांगण्यासारखं थोडंच. मोठ्या अंड्यात सहा ग्रॅम, तीनचार अंड्यांत हिशेब पूर्ण, पाच मिनिटांत पोटात. कच्ची अंडी ढोसणाऱ्यांना एवढंच सांगेन की शिजवलेल्या अंड्यातलं प्रोटीन शरीर कच्च्यापेक्षा कितीतरी जास्त पचवतं. मर्दुमकी दाखवायची असेल तर दुसरीकडे दाखवा.

मला खरा धक्का दिला साय काढलेल्या दुधाच्या पावडरने. बेकिंगच्या फडताळात, खालच्या कप्प्यात, धूळ खात पडलेली. १०० ग्रॅममध्ये ३५-३६ ग्रॅम. ओट्समध्ये दोन चमचे, दह्यासाठी कोमट केलेल्या दुधात चार चमचे (दही दाट लागतं), कॉफीतसुद्धा. फक्त तिच्या वजनात निम्मा वाटा लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा असतो, तेव्हा दूध न पचणाऱ्यांनी तिकडे वळू नये.

दह्यावरून आठवलं. 'हाय प्रोटीन' लिहिलेल्या दाट दह्याच्या डब्या मी चौथ्या महिन्यात बंद केल्या. साधं मोठ्या डब्यातलं दही घेते, जुन्या सुती ओढणीचा धुतलेला तुकडा चाळणीवर पसरते, चाळणी पातेल्यावर आणि पातेलं फ्रीजमध्ये. सकाळी किलोभर दह्याचा पाचशे ग्रॅमच्या आत चक्का आणि खाली पोपटी झाक असलेली निवळ. बहुतेक प्रथिनं चक्क्यात राहतात. विकतच्या दाट दह्यातही पाणी काढून टाकण्यापलीकडे फार काही केलेलं नसतं. घरसोबत्यांना वाटतं मी फ्रीजमध्ये काहीतरी प्रयोग करतेय. वाटू दे.

व्हे पावडरचा, म्हणजे निवळीतल्या प्रथिनांच्या पावडरीचा, अनुभव संमिश्र आहे. मोठा डबा सातव्या महिन्यात घेतला. हिशेबाने बारपेक्षा पुष्कळ स्वस्त आणि अंड्यांच्या जवळपास, पण तोही बिनचवीचा आणि मोठा घेतला तर. सोबतच्या चमच्याने मोजू नका, वजनकाट्यावर मोजा. माझा '३० ग्रॅम'चा चमचा दाबून भरला की ३८ भरतो. माझी व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे कमी शुद्ध केलेली; तिने पहिले दहा दिवस पोट गुरगुरलं, कारण तिच्यात थोडं लॅक्टोज असतंच. आयसोलेटमध्ये, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या व्हेमध्ये, ते फार कमी असतं, किंमत मात्र जास्त. फारच स्वस्त पावडर दिसली तर सावध राहा. प्रोटीन मोजायची नेहमीची पद्धत म्हणजे योहान केल्डालने १८८३ मध्ये काढलेली, आणि ती प्रत्यक्षात नायट्रोजन मोजून त्यावरून प्रोटीनचा आकडा काढते. त्यामुळे ग्लायसिनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं तरी कागदावर प्रोटीन वाढतं. घटकांच्या यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन वेगळं लिहिलेलं दिसलं की मी डबा परत ठेवते. कोलॅजनची पावडरही तशीच. तिच्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतं, त्यामुळे गुणवत्तेच्या मोजपट्टीवर ती एकटी शून्यावर येते. त्वचेसाठी घ्यायची तर घ्या, माझ्या रकान्यात तिला जागा नाही.

पीनट बटर हा तर गोड गैरसमज. शेंगदाण्यात २५ टक्के प्रथिनं आहेत हे खरं, पण वीस ग्रॅमसाठी ८० ग्रॅम दाणे म्हणजे साडेचारशे कॅलरी. तेवढीच प्रथिनं मसुरातून घेतली तर पावणेतीनशेच्या आसपास, वड्यांतून दीडशेच्या आत. मी ते चवीसाठी खाते आणि स्निग्ध पदार्थांत धरते. चिकन-मासळी आठवड्यातून एकदा, तेही गोठवलेलं. पाकिटावरच्या यादीत 'पाणी' लिहिलेलं असेल तर तुम्ही बर्फाचेही पैसे मोजताय.

रकान्यात न मावणारी एक गोष्ट मात्र मी बऱ्याच उशिरा लिहायला लागले: बुधवारी संध्याकाळी, पावसात भिजून आल्यावर, मी यातलं खरोखर काय शिजवते? कागदावर भिजवलेले छोले स्वस्त होते, पण ते विसरून आंबले की त्यांची किंमत बाहेरच्या जेवणाइतकी होते. दोनदा फेकले. आता रविवारी मोठं पातेलंभर उकळते, गार करून पिशव्यांत चपटे पसरून फ्रीझरमध्ये ठेवते. चपटी पिशवी गरम पाण्याखाली पाच मिनिटांत सुटते, गोळा ठेवला तर तासभर दगड.

व्हेचा डबा आता तळाला आलाय. दुसरा मोठा घेणार नाही. परीक्षेच्या तीन आठवड्यांसाठी छोटं पाकीट आणेन, कारण तेव्हा चाळणी धुवायचाही कंटाळा येतो. बाकी खणात मसूर दोन किलो, वड्या, दूध पावडर आणि ओढणीचा तो तुकडा. त्याला आता भोक पडलंय, नवा कापायला हवा.