ब्लेंडरचे लाइट ग्रुप: आठ महिने वापरल्यावर

घरांच्या आतल्या रेंडरसाठी (थ्रीडी मॉडेलवरून संगणकाने काढलेल्या चित्रांसाठी) आठ महिन्यांपासून मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमधले लाइट ग्रुप वापरतोय. दिव्यांचा प्रकाश वेगवेगळा साठवून रेंडरनंतर कमी-जास्त करायची ही सोय. फीचर तसं जुनं, 2022 च्या जूनमध्ये 3.2 आवृत्तीत आलेलं. पण कंपोझिटरचं (रेंडरनंतर चित्राचे थर जोडायच्या जागेचं) झेंगट कोण गळ्यात घेणार म्हणून मी टाळत होतो. दिवा वाढवायचा तर वाढवा, रेंडर परत लावा आणि चहाला जा, ही माझी पद्धत. माझ्या 12 जीबीच्या आरटीएक्स 3060 ग्राफिक्स कार्डवर दिवाणखान्याचं एक 4के चित्र पाऊण तास खातं. क्लायंट चार वेळा "छताच्या कडेचा कोव्ह लाइट जरा कमी करा ना" म्हणाला की दुपार गेलीच.

तत्त्व सोपं आहे: प्रकाशाची बेरीज होते. खोलीत ऊन, आकाश आणि तीन दिवे असतील, तर अंतिम चित्र म्हणजे त्या प्रत्येकाने एकट्याने उजळलेल्या चित्रांची बेरीज. प्रत्येकाचा पास, म्हणजे त्याच्या प्रकाशाचा थर, वेगळा निघाला की नंतर त्याला दोनाने गुणा नाहीतर शून्याने, उत्तर पुन्हा रेंडर केल्यासारखंच येतं, भिंतीवरून उसळलेल्या प्रकाशासकट. (क्लॅम्प, म्हणजे अति चमकदार ठिपके छाटायची मर्यादा, लावला असेल तर किंचित फरक पडतो.) अट एवढीच की बेरीज लिनियर, म्हणजे प्रकाशाच्या मूळ प्रमाणातल्या, आकड्यांवर व्हायला हवी; एजीएक्स (ते आकडे स्क्रीनवर मावतील असे दाबणारं रूपांतर) लागायच्या आधी. मी पहिल्या आठवड्यात पास पीएनजीत काढून दुसरीकडे स्क्रीन मोडने जोडले, रंग खडूसारखे फटफटीत झाले आणि दोन दिवस फीचरलाच शिव्या घातल्या. मल्टिलेयर ईएक्सआर (लिनियर आकडे जपणारी, अनेक थरांची फाइल) घ्या, ॲड नोडने जोडा, बास.

दुसरी चूकही माझीच. निशिता स्काय हे ब्लेंडरमधलं तयार आकाश लावलं की त्यात सूर्याची चकती आपोआप असते. ऊन आणि आकाश दोन्ही वर्ल्डमध्ये (दृश्याभोवतीच्या वातावरणाच्या सेटिंगमध्ये), आणि वर्ल्डला ग्रुप एकच. त्यामुळे ऊन कमी केलं की आकाशही मंदावायचं. आता चकती बंद करतो, सूर्य वेगळ्या सन लॅम्पने देतो आणि सन पोझिशन ॲड-ऑनने दोघांची दिशा जुळवतो. या एका बदलाने जितका फायदा झाला तितका बाकी सगळ्यांनी मिळून झाला नाही.

कटकट आहे ती नॉइजची, म्हणजे चित्रातल्या दाण्यांची. रेंडर सेटिंगमधला डीनॉइज मुख्य चित्राला लागतो, ग्रुपचे पास तसेच दाणेदार राहतात. प्रत्येकाला वेगळा डीनॉइज नोड आणि त्याला अल्बेडो-नॉर्मलच्या (पृष्ठभागाचा रंग आणि दिशा सांगणाऱ्या पासच्या) तारा, म्हणजे सहा ग्रुप झाले की कंपोझिटर एमएसईबीच्या जुन्या खांबासारखा दिसतो. शिवाय अंधुक दिवा रेंडरनंतर दहापट वाढवला की त्याचे दाणेही दहापट वाढतात. म्हणून रेंडर करतानाच सगळे दिवे अंदाजे खऱ्या जागी आणून ठेवायचे. ईव्ही या ब्लेंडरच्या झटपट इंजिनमध्ये हे फीचर नाहीच, त्यामुळे घाईच्या कामाला उपयोग नाही.

आता खरी गोष्ट. उन्हाळी दुपारी बाहेर साधारण 1,00,000 लक्स, आत दिवाणखान्यात 200. म्हणजे पाचशेपट, कॅमेऱ्याच्या भाषेत नऊ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). एजीएक्स 16.5 स्टॉप पोटात घेतं, तरी चित्र चांगलं दिसेलच असं नाही. नऊच्या नऊ स्टॉप ठेवले तर आतली खोली गुहा वाटते. सगळं एका पातळीवर आणलं तर खिडकीबाहेरची बाग भिंतीवर चिकटवलेल्या कॅलेंडरसारखी दिसते. मी खिडकी आतल्यापेक्षा दोन-तीन स्टॉप वर ठेवतो आणि एक कोपरा मुद्दाम काळोखात सोडतो. क्लायंट आधी त्या कोपऱ्यावरच बोट ठेवतात. तिथला दिवा वाढवून दाखवला की स्वतःच म्हणतात, "नको, होतं तसंच बरं."

आणि ग्रुप कमी-जास्त करायचा हा स्लायडर माणसाला खोटं बोलायला शिकवतो. पुण्यातल्या एका फ्लॅटचं दुपारी दोनचं दृश्य होतं. मी ऊन पाचव्या हिश्शावर आणलं, डाउनलाइट आठपट केले, चित्र झकास झालं. आर्किटेक्ट मॅडमनी एका नजरेत विचारलं, "दुपारी दोनला हे दिवे फरशीवर असे दिसतील?" नाहीच दिसणार. तेव्हापासून ऊन-आकाश ही एक जोडी धरून त्यांचं आपसातलं प्रमाण मोडत नाही, आणि दिवे दुपटीपेक्षा वर नेत नाही. जास्त लागले तर घड्याळ पुढे सरकवून संध्याकाळ करतो.

उन्हाचंही तसंच. युरोपातली ट्यूटोरियल बघून खोलीत आतपर्यंत तिरपं ऊन टाकायची सवय लागते. लंडनला डिसेंबरात भरदुपारी सूर्य जेमतेम 15 अंश वर असतो, पुण्यात तेव्हा 48. जूनमध्ये तर आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला गेलेला असतो. दोन फुटी छज्ज्याखालच्या खिडकीतून ते ऊन आत येतच नाही. आत येतो तो अंगणातून, फरशीवरून उसळलेला प्रकाश. अक्षांश-रेखांश आणि तारीख खरी टाकली आणि डिफ्यूज बाउन्स (प्रकाश किती वेळा उसळू द्यायचा तो आकडा) नेहमीच्या चारावरून दहावर नेले, तेव्हा कुठे आमच्याकडच्या खोल्या आमच्यासारख्या दिसू लागल्या.

ग्रुपने जे होत नाही तेही सांगतो. रत्नागिरीकडच्या एका घराची पडवी जांभ्या चिऱ्याची होती. त्यावरून उसळलेल्या उन्हाने पांढरं छत गुलाबी झालं आणि मालकांना वाटलं मी रंगच बदलला. हा गुलाबीपणा ऊन-ग्रुपच्या आतच असतो, वेगळा काढता येत नाही. मटेरियलमध्ये लाइट पाथ नोड घालून उसळणाऱ्या प्रकाशापुरता लाल रंग निम्मा फिका केला. पूर्ण काढला नाही, कारण जांभ्याच्या घरात छत थोडं लालसर असतंच. पांढऱ्या भिंतीही एजीएक्समध्ये मळकट वाटतात. एक्स्पोजर थोडं वाढवून मीडियम हाय कॉन्ट्रास्ट लावला की सुधारतात, पण शेड कार्डशी तंतोतंत जुळणार नाहीत हे कोटेशनमध्येच लिहून टाकतो.

सगळ्यात जास्त छळलं समईने. देवघरात पाच वातींची समई हवी होती. ब्लेंडरचं मॅन्युअल मेणबत्तीला 0.05 वॉट सुचवतं, 800 लुमेनच्या बल्बला 2.1. म्हणजे पाचही वाती मिळून पाव वॉट, आणि शेजारी दुपारची उघडी खिडकी. समईचा ग्रुप चाळीसपट केला तेव्हा उजेड दिसला, पण देव्हाऱ्यावर मुंग्या फिरल्यासारखे दाणे आले. शेवटी सूर्य मावळवून वेगळं रेंडर केलं. आता दुपारची आणि दिवेलागणीची फाइल सुरुवातीपासून वेगळी ठेवतो, आणि बिलही दोन चित्रांचं लावतो.