५० मिमी एफ/१.८ लेन्स: काही महिन्यांच्या वापरानंतर नवशिक्यांसाठी चार गोष्टी

कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ किट लेन्सवर हात बसल्यानंतर पुढे काय घ्यावे, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्याला पडतो आणि बहुतेकांची नजर आधी नव्या बॉडीकडे (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याकडे) वळते. कॅननच्या ईओएस १५००डी या कॅमेऱ्यावर ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ही लेन्स पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, छायाचित्रण शिकायचे असेल तर बॉडी आहे तीच ठेवावी आणि तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळणारी ही लेन्स आधी घ्यावी.

कारण आहे प्रकाश. किट लेन्स ५५ मिमीवर नेली की तिचे अॅपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही, एफ/१.८ वर त्याच्या साधारण नऊ ते दहा पट प्रकाश आत येतो. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत, उंच छताखालच्या गाळ्यावर बसलेल्या विक्रेत्याचे छायाचित्र घेताना जिथे किट लेन्स १/१५ सेकंदाचा शटर स्पीड (शटर उघडे राहण्याचा वेळ) मागते, तिथे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) तेवढाच ठेवून या लेन्सवर १/१६० मिळतो. पहिल्या वेगात हात आणि माणूस दोन्ही हलतात, दुसऱ्यात बोलणाऱ्या माणसाचा चेहरा स्पष्ट येतो. आपले फोटो ‘हलतात’ म्हणून खट्टू झालेल्या अनेकांचा दोष कौशल्याचा नसून केवळ या गणिताचा असतो, हे कळले तरी निम्मा धीर येतो.

मात्र एफ/१.८ हे प्रत्येक छायाचित्रासाठी नाही. एक मीटरवरून या अॅपर्चरला जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो, म्हणजे पापण्या टिपल्या तर कान धूसर होणारच. म्हणून कॅमेऱ्याला नऊपैकी कोणताही फोकस बिंदू आपणहून निवडू देऊ नये. मधला बिंदू स्वतः निवडावा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवावा. अॅपर्चर एफ/२.८ पर्यंत आणल्यास चित्र अधिक रेखीव होते, उजळ कडांवर दिसणारी जांभळी झाक बरीच कमी होते आणि पार्श्वभूमीही पुरेशी विरघळते. दोन माणसे मागे-पुढे उभी असतील तर एफ/४ किंवा एफ/५.६ वर जावे, त्यात कमीपणा काही नाही. पार्श्वभूमी धूसर झाली म्हणजे चित्र चांगले, हा समज नवशिक्यांमध्ये इतका घट्ट बसलेला आहे की, मंडईत काढलेल्या चित्रातून मंडईच नाहीशी होते.

डायल ‘एव्ही’वर, म्हणजे शटर स्पीड कॅमेरा ठरवतो त्या मोडवर, ठेवावा, अॅपर्चर आपण ठरवावे, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडावा आणि नजर शटर स्पीडवर असू द्यावी. या लेन्समध्ये कंप रोखणारी यंत्रणा नाही आणि कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरच्या १.६ पट क्रॉपमुळे तिची चौकट फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरच्या ८० मिमीइतकी अरुंद होते. तेव्हा हातात धरून १/१०० च्या खाली उतरू नये आणि ढोल-ताशा पथकातील टिपरू स्थिर टिपायचे असेल तर १/५०० तरी हवा. आषाढातल्या पालखीच्या दिवशी ढगाळ, मऊ प्रकाश चेहऱ्यांवर फार सुंदर पडतो. परंतु चौकटभर पांढरे धोतर-टोपी आली की कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर त्यांना करडे करू पाहते. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) वाढवावे. याउलट काळ्याभोर पाषाणमूर्तीसाठी तेवढेच उतरवावे (आणि मंदिरात छायाचित्रणाची परवानगी आहे ना, हे आधी विचारावे).

झूम नसल्यामुळे पायांना काम लागते, हे या लेन्सचे कौतुक म्हणून सांगितले जाते. मोकळ्या जागेत ते खरेही आहे: एक पाऊल डावीकडे सरकले की माणसाच्या डोक्यातून उगवलेला विजेचा खांब बाजूला होतो, आणि ही सवय दुसऱ्या कोणत्याही लेन्सवर कामी येते. घरात मात्र भिंत आडवी येते. उभ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत बसवायला सुमारे चार मीटर मागे जावे लागते, आणि फ्लॅटच्या दिवाणखान्यात तेवढी जागा बहुधा नसते. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा समोरून पूर्ण घ्यायचा असेल किंवा भिगवणचे रोहित पक्षी टिपायचे असतील, तर ही लेन्स पिशवीतच राहू द्यावी. किट लेन्स विकू नये ती याचसाठी.

बांधणीविषयी थोडक्यात: वजन १५९ ग्रॅम, माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारी कडी) धातूचा, फिल्टरचा व्यास ४९ मिमी, आणि ३५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येते. सेकंड हँड बाजारात १९९० पासूनचे जुने ‘मार्क टू’ रूपही दिसते. त्याचा माउंट प्लॅस्टिकचा आहे आणि ते ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, त्यामुळे किमतीत फार फरक नसेल तर २०१५ साली आलेली एसटीएमच घ्यावी. कॅननचा आरएफ माउंटचा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा असणाऱ्यांनी ईएफ लेन्सऐवजी आरएफ ५० मिमी एफ/१.८ पाहावी, अन्यथा अॅडॅप्टर लागेल. निकॉनच्या डी३५०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही, म्हणून तिथे ५० मिमीची ‘डी’ नव्हे तर स्वतःची मोटर असलेली एएफ-एस ‘जी’ लेन्स मागावी. आणि ज्यांचे बहुतेक फोटो घरातल्या लहान मुलांचे असतील, त्यांनी कॅनन क्रॉप बॉडीसाठी २४ मिमी एफ/२.८ चा विचार आधी करावा. प्रकाश थोडा कमी मिळेल, पण खोली चौकटीत मावेल.