सामानाची यादी बघून विश्वास ठेवला आणि ९,९९६ रुपये गेले

मोबाईलवर जाहिरात आली: पवना धरणाच्या काठावर एक रात्र, तंबू, शेकोटी, सायनहून बसने नेआण, माणशी १,४९९ रुपये. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी खास. आम्ही चौघं: मी, नवरा, मुलगी आणि भाचा. ५,९९६ रुपये पाठवले. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल, पण मी का फसले ते वाचा, कारण मला गुंगवलं ते सामानाच्या यादीने.

पैसे गेल्यावर तासाभरात यादी आली. दोन पानी, नीटनेटकी. टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, घरचं ताट-वाटी, डासांचं मलम, आधारची झेरॉक्स, ओल्या कपड्यांना वेगळी पिशवी. इतकं बारीक लिहून देणारा माणूस चोर असेल असं कुणाच्या मनात येईल? त्याच यादीत खाली थर्मल, लोकरीचे हातमोजे आणि गेटर्स. गेटर्स म्हणजे बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीला बांधतात ते. नवऱ्याने विचारलंसुद्धा, "पवनेला बर्फ पडतो का?" मी त्यालाच गप्प केलं. हिमालयातल्या ट्रेकची यादी उचलून वर पवना लिहिलं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांसमोर होतं! तिथेच थांबायला हवं होतं. उलट मी दादरला जाऊन मुलांसाठी १,८४० रुपयांचे थर्मल आणले. जानेवारीत पवनेला स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे पुरतात.

मग जाहिरातवाल्याचा फोन. "ताई, स्लीपिंग बॅगचं डिपॉझिट माणशी हजार, परत मिळणार." आणखी ४,०००. यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, "आमचे अकाउंटवाले आहेत." पिन टाकण्याआधी जे नाव दिसतं ते वाचा. जुळत नसेल तर तिथेच फोन ठेवा. घरचे सगळे व्यवहार मीच बघते, मी भोळी नाही. पण मुलांच्या बॅगा आदल्या दिवसापासून दाराशी भरून ठेवलेल्या होत्या, आणि त्यांना नाही म्हणवत नव्हतं.

शनिवारी पहाटे साडेपाचला सायनला पोचलो. दहा-बारा जण आधीच उभे, मुलांच्या गळ्यात शिट्ट्या. यादीत होत्या ना. सात वाजता एका बाईंनी माझ्या मुलीच्या गळ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तुम्हीपण पवना?" जाहिरातवाल्याचा फोन तोवर बंद झाला होता.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी. मी केला, चाळीस मिनिटं संगीत ऐकलं. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात सांगितलं, हे सायनचं प्रकरण, तिकडे जा. सायनला सांगितलं, पैसे घरून पाठवलेत, तिकडे जा. अहो, गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात तक्रार नोंदवता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. मी कलम दाखवलं तर साहेब म्हणाले, "दहा हजारांसाठी एवढं?" माझ्यासाठी ते दहा हजार नव्हते, दोन महिने बाजूला काढलेले पैसे होते. शेवटी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. अजून 'प्रक्रियेत' आहे.

आगाऊ सगळी रक्कम कधीच देऊ नका. जागेवरच्या माणसाचा नंबर मागा आणि त्याच्याशी बोला. थर्मल दुकानदाराने परत घेतले नाहीत.

परवा बहिणीला तीच जाहिरात आली. नंबर नवा, दर १,२९९. यादी तीच, गेटर्ससकट.