फुकटचं व्हिडिओ अ‍ॅप: ब्लाउज शिकवलं, पण जाहिराती जपून बघा

मी इचलकरंजीत घरी ब्लाउज शिवते, नवरा यंत्रमागावर आहे. हे अ‍ॅप मी चार वर्षं रोज वापरते, पैसे न भरता.

क्लासची फी परवडत नव्हती, म्हणून कटोरी ब्लाउज इथेच शिकले. मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथं, चुण्या पडायच्या. तेवढाच तुकडा वीस वेळा मागे नेऊन पाहिला. क्लासात इतक्यांदा विचारायला मला जमलं नसतं. आज माझी शिलाई चालते ती या व्हिडिओंमुळे, हे मी कोणालाही सांगेन.

पण फुकट म्हणजे काय तेही सांगते. माझा पॅक दिवसाला दीड जीबीचा. जाहिरातही त्यातूनच जाते. शिवाय जाहिराती कसल्या? ज्या डॉक्टरबाईंचे ब्लाउज मी शिवते, त्यांच्या फोनवर सहली आणि गाड्या दिसतात. माझ्या फोनवर ‘पाच मिनिटांत कर्ज’ आणि रमी. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हापासून मला रमी दिसली नाही. कर्ज मात्र दिसतंच.

गेल्या जूनमध्ये मुलाच्या शाळेसाठी जाऊबाईंनी माझ्याच फोनवरून अशा एका जाहिरातीतलं कर्ज घेतलं. मागितले पाच हजार, हातात आले बत्तीसशे, मुदत सात दिवसांची. आठव्या दिवशी माझ्या गिऱ्हाइकांना घाणेरडे मेसेज गेले, कारण अ‍ॅपनं फोनमधले सगळे नंबर उचलले होते. रिझर्व्ह बँकेनं 2022 मध्येच सांगितलंय की कर्जाच्या अ‍ॅपनं फोनमधले नंबर आणि फोटो घ्यायचे नाहीत. हे आम्हाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केल्यानंतर कळलं. दोन गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. जाऊबाई महिनाभर माझ्या नजरेला नजर देत नव्हत्या. त्यांची काय चूक? शाळेची फी भरायची होती आणि समोर हसऱ्या बाईचा व्हिडिओ होता.

मला जाहिरातींचा राग नाही. मशीनची, दोऱ्याची, अस्तराची दाखवा, मी पूर्ण बघेन. ज्याला अ‍ॅपचे महिन्याचे पैसे भरता येतात तो जाहिरातींतून सुटतो आणि ज्याला गरज आहे त्याच्याच पुढे कर्ज येतं, हे मला सहन होत नाही.

शिकण्यासाठी पाच तारे. जाहिरातींसाठी एक. कर्जाच्या जाहिरातीवर मी तीनदा ‘तक्रार करा’ दाबलंय. ती दिसायची बंद झाली की हा आकडा बदलेन.