शोधगंगा: पहिल्या महिन्याची सोबत

‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर (आधीच्या संशोधनाचा आढावा) कुठून सुरू करू?’ असं नव्या पीएचडीवाल्याने विचारलं की गाईडचं ठरलेलं उत्तर येतं, शोधगंगा बघा. उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे.

गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं हे प्रबंधांचं भांडार फुकट आहे. प्रत्येक प्रबंध तुकड्यांत ठेवलेला असतो: शीर्षकपान, प्रमाणपत्र, एकेक प्रकरण, संदर्भसूची, सगळ्याच्या वेगळ्या पीडीएफ. नवख्याला या रचनेचा मोठा फायदा. अख्खा प्रबंध उतरवत बसू नका. विषयाजवळचे अलीकडचे पाच प्रबंध निवडा, प्रत्येकाचं पूर्वसंशोधनाचं प्रकरण (बहुधा दुसरं) आणि संदर्भसूची एवढंच घ्या. पाचही सूच्या शेजारी ठेवा. तीन ठिकाणी आलेला लेख आधी मिळवायचा आणि मूळातून वाचायचा.

खरी मेख शोधपेटीत आहे. समजा विषय सोलापुरातल्या विडी कामगार महिलांचा आहे. इंग्रजीत ‘बीडी’ कुणी दोन ‘ई’ घालून लिहितं, कुणी ‘आय’ घालून. विषय यंत्रमागाचा असेल तर ‘पॉवरलूम’ कुठे एक शब्द, कुठे दोन. शहराचं नावही जुन्या कागदांत ‘शोलापूर’ आहे. मुंबई इलाख्याचं १८८४ चं गॅझेटिअर त्याच नावाचं. मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत, तर कधी रोमन लिपीत. एकच शब्द टाकून चार निकाल आले म्हणून ‘या विषयावर संशोधनच झालेलं नाही’ असं सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) ठोकून देणारे थोडे नाहीत. व्हायवात (तोंडी परीक्षेत) ते महागात पडतं.

विद्यापीठानुसार शोधतानाही जपून. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये झालं. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणजे सोलापूरवरचं जुनं काम तिकडच्या यादीत. आपल्या विद्यापीठाच्या यादीवर थांबलात तर तेवढं सगळं हातचं जातं.

आता तक्रारी. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मराठी प्रबंधांतून मजकूर कॉपी केला की चिन्हांची खिचडी हाती येते, आणि फाईलच्या आत शब्दही शोधता येत नाही. अशी प्रकरणं डोळ्यांनीच वाचायची. पान क्रमांकाचा घोळ तर नेहमीचा: प्रकरणाची फाईल वेगळी असल्यामुळे पीडीएफ ‘३’ दाखवतं आणि छापील पान असतं ४७. टिपणात छापील आकडा घ्या. वर्षाचंही तसंच. नोंदीत प्रबंध पूर्ण झाल्याची आणि अपलोडची अशा दोन तारखा दिसतात. संदर्भात पहिली जाते.

नोंदी ठेवायला झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पुरतं. तेही फुकट, ऑनलाइन साठ्याला ३०० एमबी. शोधगंगेचं पान जतन केल्यावर प्रकार ‘थिसिस’ आहे का, आडनाव योग्य रकान्यात पडलं का, हे हाताने बघून घ्या. त्याच्या जोडीला एक एक्सेल शीट हवीच: लेखक, वर्ष, ठिकाण, नमुना किती, साधन कोणतं, निष्कर्ष, पान, आणि शेवटी ‘माझ्या प्रश्नाला याचा काय उपयोग’. हा शेवटचा रकाना रिकामा राहिला तर तो संदर्भ कितीही भारदस्त असो, बाजूला काढा.

भांडारातल्या प्रकरणांची नक्कल मात्र नको. ‘अमुक यांनी तमुक अभ्यास केला’ अशा परिच्छेदांची माळ त्यात बरीच सापडते, तिला आढावा म्हणत नाहीत. शिवाय यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंतच विनादंड आहे, आणि तपासणीच्या सॉफ्टवेअरला शोधगंगेवरचे प्रबंध नवे नाहीत.

पाचपैकी साडेतीन तारे. उरलेले दीड कापले ते जर्नलमधल्या लेखांसाठी, कारण ते इथे मिळत नाहीत. सूच्यांतून निवडलेला मूळ लेख गूगल स्कॉलरवर टाका आणि त्याखालच्या ‘सायटेड बाय’वर क्लिक करा, तो लेख आल्यानंतर कुणी काय लिहिलं ते तिथून पुढे उलगडत जातं.